सिरपूर तलाव सुधारला का? इंदूरमधला एक नकाशा-अभ्यास

इंदूरच्या पश्चिमेला, धार रस्त्याच्या बाजूला सिरपूर तलाव आहे. होळकरांच्या राज्यात शहराला पाणी मिळावं म्हणून तो बांधला गेला. २०२२ मध्ये त्याचं नाव रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, नोंदलेलं क्षेत्र १६१ हेक्टर. त्याच वर्षी गंभीर नदीवरचं यशवंत सागरही यादीत आलं. जानेवारी २०२५ मध्ये रामसर कराराची 'पाणथळ शहर' ही मान्यता इंदूर आणि उदयपूर यांना मिळाली, भारतात पहिल्यांदाच. या बातमीनंतर सुदामानगर भागातल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांमधून एक प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येऊ लागला: मान्यता मिळाली हे चांगलंच, पण तलाव सुधारला का?

माझं काम नकाशांचं. हा प्रश्न माझ्यापुढे सरळ ठेवला तो सिंचन खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी. "तू उपग्रहाचे फोटो बघतेस ना? मग आता दाखव." सोबतीला भूगोलात एम. ए. करणारा माझा भाचा आणि त्याचे दोन-तीन मित्र आले. पैसा कुणाकडे नव्हता, पण लागलाही नाही. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, लँडसॅट आणि सेंटिनेल या उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरून उंचीची माहिती मिळते. वेळ आणि चालायची तयारी मात्र लागली.

आधी थोडा इतिहास, कारण आजच्या प्रदूषणाचं मूळ तिथे आहे. १९७८ मध्ये नर्मदेचं पाणी सुमारे ७० किलोमीटरवरून पंपांनी चढवून इंदुरात आलं. शहराची तहान भागली आणि बिलावली, पिपल्यापाला, सिरपूर या तलावांवरचा भार उतरला. ज्या पाण्यावर घरातला हंडा अवलंबून असतो त्याची राखण माणूस आपोआप करतो. ते अवलंबणं संपलं तशी राखणही सैल झाली. तलावाच्या वरच्या अंगाला वसाहती वाढल्या, ड्रेनेज लाईन मागाहून आल्या, आणि मधल्या काळात सांडपाण्यानं उताराची वाट धरली. सिरपूर पूर्ण हातचं गेलं नाही याचं बरंचसं श्रेय पद्मश्री भालू मोंढे आणि 'द नेचर व्हॉलंटिअर्स' या संस्थेच्या मंडळींना आहे. रामसरचं नाव इथल्या कुणाच्या ओठावर नव्हतं तेव्हापासून ते या तलावासाठी उभे होते.

आता नकाशा. पहिली अडचण कुणालाच अपेक्षित नव्हती: तलाव कुठे संपतो? सर्वे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या पत्रकावर एक रेघ आहे, पटवारी (म्हणजे तलाठी) नकाशावर खसरा क्रमांकांची, म्हणजे जमिनीच्या सर्वे क्रमांकांची, दुसरी, रामसरच्या नोंदीत तिसरी, आणि उपग्रहाला दिसणारी पाण्याची कड दर महिन्याला वेगळी. पत्रकावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर २५ मीटर रुंद होते. १६१ हेक्टरचा तलाव अगदी गोल धरला तरी त्याचा घेर साडेचार किलोमीटर भरतो. म्हणजे रेघेच्या आतली कड धरायची की बाहेरची, एवढ्यावरच ११ हेक्टरचा फरक पडतो. 'अमुक इतक्या हेक्टरांवर अतिक्रमण' असा आकडा जुन्या पत्रकावरून काढून छातीठोक सांगणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करावा.

आम्ही पटवारी नकाशा आधार मानला. बांधाचं वळण, जुनी विहीर, देवळाचा कोपरा अशा न हललेल्या खुणांवर तो बसवला आणि सगळे थर एकमेकांवर नीट बसावेत म्हणून यूटीएम ४३ उत्तर या एकाच नकाशा-प्रक्षेपणात आणले. या खुणा दाखवायला काका स्वतः उन्हात फिरले. कुठली विहीर जुनी आणि कुठली नंतरची हे त्यांच्याशिवाय कळलं नसतं.

मग काळाची तुलना. लँडसॅट ५ ची चित्रं १९८४ पासूनची आहेत, त्यामुळे चाळीस वर्षं मागे जाता येतं. पण मागे जाताना महिना सांभाळावा लागतो. एका वर्षीचा ऑक्टोबर आणि दुसऱ्या वर्षीचा मे शेजारी ठेवला तर कुठलाही तलाव आटलेलाच दिसेल. म्हणून प्रत्येक वर्षाची दोनच चित्रं घेतली: दसरा-दिवाळीच्या सुमाराचं भरल्या तलावाचं आणि वैशाखातलं उतरल्या पाण्याचं. त्याशेजारी त्या वर्षीचा पाऊस. पावसाळ्यातली चित्रं ढगांमुळे कामाची नसतात. तिथे सेंटिनेल-१ चं रडार उपयोगी पडतं, ते ढगांतून बघतं.

लँडसॅटच्या एका पिक्सेलमध्ये ९०० चौरस मीटर जमीन मावते, म्हणजे अख्खा सिरपूर जेमतेम अठराशे पिक्सेलांचा. कडेचे पिक्सेल अर्धे पाणी अर्धा चिखल असतात. २०१५ पासून सेंटिनेल-२ मुळे १० मीटरचा पिक्सेल मिळतो आणि तोच तलाव सोळा हजारांवर पिक्सेलांत दिसतो. जुन्या आणि नव्या चित्रांची तुलना करताना नवी चित्रं मुद्दाम जाड करून घ्यावी लागतात. तसं केलं नाही तर चित्र बारीक झालं म्हणून तलाव बदलल्यासारखा वाटतो.

या अभ्यासातला सगळ्यात महत्त्वाचा भाग पुढे आला. वनस्पती दाखवणारा एनडीव्हीआय निर्देशांक अगदी सोपा आहे. हिरवी पानं लाल प्रकाश शोषतात आणि नजीकचा अवरक्त प्रकाश परतवतात, या दोहोंच्या फरकावरून हिरवळ मोजली जाते. आमच्या नकाशावर तलावाच्या आत आणि कडेला मोठे हिरवेगार पट्टे उमटले. मुलं खूश झाली. 'परिसंस्था सावरली' असं शीर्षक द्यायची तयारीही झाली होती. शहरोशहरीच्या अहवालांत असे नकाशे दिसतात. त्यांत हिरवा रंग म्हणजे चांगलं आणि तपकिरी म्हणजे वाईट, असं वाचणारा गृहीत धरतो आणि लिहिणारा त्याला अडवत नाही.

पण तलावातला हिरवा रंग कुणाचा? सिरपूरसारख्या उथळ पाण्यात तो चार-पाच गोष्टींचा असू शकतो. काठाला रुजलेलं पाणगवत आणि लव्हाळा, जे पक्ष्यांना घरटी देतं. कडेची बेशरमाची झुडपं, जी दुसऱ्या कशाला वाढू देत नाहीत. पाण्यावर तरंगणारी जलकुंभी, म्हणजे महाराष्ट्रातली जलपर्णी. पाण्यात विरघळल्यासारखं दिसणारं शेवाळ. यांतलं पहिलं सावरल्याचं लक्षण आहे. जलकुंभी आणि शेवाळाची दाट वाढ पाण्यात नत्र आणि स्फुरद जास्त झाल्याची खूण आहे, म्हणजे बहुतेक वेळा सांडपाण्याची. एनडीव्हीआय या दोहोंना एकाच रंगात रंगवतो. जलकुंभीची मांसल, तजेलदार पानं तर लव्हाळ्यापेक्षाही हिरवी दिसतात.

उलटी गफलतही होते. पाणी ओळखणारा एनडीडब्ल्यूआय निर्देशांक जलकुंभीखालच्या पाण्याला पाणी म्हणतच नाही. जलकुंभी पसरली की तलाव 'आकसला', काढली की 'वाढला'. प्रत्यक्षात पाण्याची पातळी बोटभरही हललेली नसते.

यातून वाट काढली ती सेंटिनेल-२ च्या दर पाच दिवसांच्या फेरीनं. माळव्याच्या हिवाळ्यात आकाश स्वच्छ असतं, त्यामुळे सलग चित्रं मिळतात. लव्हाळा जागा सोडत नाही. जलकुंभी वाऱ्याबरोबर हलते. म्हणून प्रत्येक पिक्सेल त्या काळात किती वेळा हिरवा होता हे मोजलं. सतत हिरवे राहिलेले पिक्सेल रुजलेल्या वनस्पतींचे धरले, कधी हिरवे तर कधी निळे दिसणारे तरंगत्या चटईचे. कोपऱ्यात अडकून पडलेली जलकुंभी या चाळणीतून निसटते. तिच्यासाठी काठानं चालत जाऊन मोबाईलवरच्या क्यूफील्ड या नकाशा-ॲपमध्ये खुणा कराव्या लागल्या. शेवाळासाठी ७०५ नॅनोमीटरचा पट्टा वापरला, हरितद्रव्य पाण्यात मिसळलेलं असलं की तिथे उठाव दिसतो. त्या पट्ट्याचा पिक्सेल मात्र २० मीटरचा, त्यामुळे काठाजवळ त्यावर भिस्त ठेवता येत नाही.

नवा नकाशा आला तेव्हा एकसारखा हिरवा पट्टा दोन भागांत फुटला. बांधाच्या बाजूच्या खोल पाण्यात उघडं पाणी टिकून होतं, आणि काही काठांवर रुजलेल्या वनस्पतींची जुनी पट्टी कायम होती. तरंगती चटई वरच्या अंगाला, नाल्यांच्या तोंडांपाशी, पुन्हा पुन्हा दाट होत होती. काकांनी नकाशा पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे तलाव बरा आहे, पण त्याचा घसा धरलाय." हे वाक्य अभ्यासाचा निष्कर्ष म्हणून मी तसंच ठेवलं.

मग नाल्यांकडे वळलो. तलावाचं पाणलोट काढायला संगणकाला जमिनीची उंची दिली की पाणी कुठून कुठे वाहील ते तो सांगतो. डोंगराळ भागात हे छान जमतं. इंदूरसारख्या सपाट, बांधकामानं भरलेल्या शहरात नाही. भुवनवरची उंची ३० मीटरच्या चौकटीची आहे आणि तिच्यात काही मीटरची चूक असू शकते. इथे तर दोन कॉलन्यांमधला उतारच तेवढा नाही. शिवाय संगणकाला घराचं छप्पर जमीन वाटतं आणि रस्ता धरण वाटतो, कारण रस्त्याखालची पुलिया, म्हणजे मोरी, त्याला दिसत नाही. पहिल्या नकाशात पाणलोट एका रस्त्यापाशी कापल्यासारखं थांबलं. प्रत्यक्षात पाणी पुलियाखालून आरामात पलीकडे जातं. तिथे राहणाऱ्या आजींनी एका वाक्यात ते सांगितलं: "पावसाळ्यात पलीकडच्या गल्लीतलं पाणी आमच्या दारावरून तळ्याला जातं." अशा पुलिया एकेक करून नकाशात 'कोरल्या', म्हणजे तिथली उंची खाली आणली, तेव्हा पाणलोट खरं वाटेल इतकं पसरलं. तलावाभोवतीच्या कुंपणाच्या कितीतरी बाहेर.

तलावाच्या आत कितीही खर्च केला तरी त्याचं आरोग्य ठरतं ते या कुंपणाबाहेरच्या पसाऱ्यात. हे माझं ठाम मत आहे. सुशोभीकरणाच्या प्रत्येक आराखड्यात पाणलोटाचा नकाशा पहिल्या पानावर हवा.

ऑगस्ट २०२१ मध्ये इंदूर देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' शहर, म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय बाहेर न सोडणारं शहर, म्हणून जाहीर झालं. त्यामागे नाल्यांना मिळणारे सांडपाण्याचे निकास शोधून ते मलवाहिनीला जोडण्याचं मोठं काम होतं, आणि ते शहरात दिसतं. कान्ह आणि सरस्वती नद्यांच्या काठानं चालणाऱ्या कुणालाही हा फरक जाणवेल. पण असं काम एकदा करून संपत नाही. नवं घर बांधलं, जुनं चेंबर तुंबलं, पाईप फुटला की पाणी पुन्हा जुनी वाट शोधतं. त्यामुळे तपासणी दरवर्षी हवी आणि ती स्वस्त हवी.

आमची तपासणी वैशाखातली होती. माळव्याची काळी माती आणि खालचा बेसाल्ट यांमुळे छोटे नाले फाल्गुनाच्या आसपास कोरडे होतात. वैशाखात जो नाला वाहतो तो पावसाचा नाही. म्हणून पाणलोटातला प्रत्येक नाला वैशाखात चालून पाहिला आणि नकाशावर तीन रंगांत मांडला: कोरडा, ओला, वाहता. यंत्र नाही, प्रयोगशाळा नाही. एक गोष्ट मुलांनी हेरली आणि मला ती फार आवडली. इंदूरच्या बऱ्याच भागांत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. काही नाल्यांचा प्रवाह त्याच तालावर फुगत आणि ओसरत होता. ज्या वसाहतीला आज पाणी आलं तिच्या खालचा नाला त्या सकाळी भरलेला. कुठल्या वसाहतीची जोडणी सुटली आहे हे कळायला याहून सोपी खूण नाही.

वाहत्या नाल्यांच्या तोंडाशी आणि तलावात काही ठिकाणी विरघळलेला ऑक्सिजन मोजला. मोजणीची वेळ सूर्योदयापूर्वीची ठेवली, त्याचं कारण आहे. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तेच तो ओढून घेतं. दुपारी मोजलं तर शेवाळलेला तलावही उत्तम गुण मिळवतो. सेंटिनेल-२ आपल्या डोक्यावरून सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास जातो. त्यामुळे तलाव पहाटे गुदमरतो ते उपग्रहाला कधीच दिसत नाही, माणसानंच अंधारात जाऊन बघावं लागतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषात स्नानयोग्य पाण्याला लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन लागतो आणि जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतूंना लागणारा ऑक्सिजन, ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. आमच्या साध्या संचानं पहाटे जे दिसलं त्यात नाल्यांची तोंडं आणि बांधाजवळचं पाणी यांतला फरक डोळ्यांत भरणारा होता. आकडे मी इथे देत नाही. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासलेले नमुने नसताना आकडे छापणं योग्य नाही.

याच मुद्द्यावर भाच्याशी वाद झाला. त्याला ही मोजमापं वापरून तलावभर लाल-पिवळा-हिरवा असा गुळगुळीत 'प्रदूषण-नकाशा' काढायचा होता. सॉफ्टवेअरमध्ये ते एका बटणाचं काम आहे. जवळच्या बिंदूंच्या किमतीवरून मधल्या जागा भरल्या जातात. पण ही पद्धत अंतर सरळ रेषेत मोजते. मधे बांध असो, बेट असो, तिला फरक पडत नाही. बांधापलीकडचा नाला आणि अलीकडचं पाणी तिला शेजारी वाटतात. आणि मोजके बिंदू असताना मधला सगळा रंग कल्पनेचा असतो. बघणाऱ्याला मात्र सगळं मोजल्यासारखं वाटतं. शेवटी आम्ही फक्त बिंदू ठेवले, प्रत्येकाजवळ वेळ आणि तारीख. नकाशा कमी देखणा झाला आणि भाच्याने तो तसाच मांडला, याचं मला कौतुक आहे.

सावरण्याची खरी साक्ष पक्षी देतात. रामसर नोंदीत सिरपूरच्या संदर्भात लालसरी बदक, पांढरं गिधाड आणि नदी सुरय यांचा उल्लेख आहे. लालसरी बुडी मारून खाणारं बदक. तिला उघडं, थोडं खोल पाणी लागतं, जलकुंभीच्या चटईवर तिचा काही उपयोग नाही. कमळपक्षी आणि जांभळी पाणकोंबडी तरंगत्या पानांवर खुशाल चालतात. म्हणून 'इतक्या जाती दिसल्या' या एका आकड्यानं काही कळत नाही. निरीक्षण करणाऱ्या मंडळींनी टिपलेली पक्ष्यांची ठिकाणं आमच्या वनस्पतींच्या थरावर टाकली तेव्हा कुठली जात कशावर टिकून आहे ते उलगडलं. शेकाट्याची गोष्ट तर बोलकी आहे. लांब गुलाबी पायांचा हा देखणा पक्षी सांडपाण्यातही आनंदानं चरतो. नाल्याच्या तोंडाशी त्याचे थवे वाढले तर ती आनंदाची बातमी नसते.

आणखी एक गोष्ट पक्ष्यांमुळेच लक्षात आली, आणि तिच्याविषयी मला काळजी आहे. तलाव वर्षभर काठोकाठ भरलेला असावा, सांडव्यावरून पाण्याची चादर वाहत राहावी, काठाला दगडी पिचिंग (दगडांची बांधणी) आणि फिरायला रस्ता असावा, असं सगळ्यांना वाटतं. उपग्रहाच्या नकाशात तो तलाव सर्वांत निळा, सर्वांत यशस्वी दिसेल. पण हिवाळा सरताना पाणी उतरतं आणि चिखलाची एक रुंद पट्टी उघडी पडते, तिच्यावर तुताऱ्या आणि टिटव्या हे पक्षी जगतात. ती पट्टी नकाशावर कुठल्याच चांगल्या रंगात येत नाही. आम्ही तिच्यासाठी वेगळा थर केला: ऑक्टोबरच्या पाण्याची कड वजा एप्रिलच्या पाण्याची कड. जिथे काठ उताराचा आहे तिथे ही पट्टी रुंद, जिथे काठ दगडांनी उभा बांधला आहे तिथे ती जवळजवळ शून्य. पुढच्या कुठल्याही बांधकामाआधी हा थर पाहिला जावा, एवढंच मागणं आहे.

तर काकांच्या प्रश्नाचं उत्तर असं तयार झालं. उघडं पाणी टिकलं आहे आणि रुजलेल्या वनस्पतींचे जुने काठ शाबूत आहेत, ही मोठी कमाई आहे. नाल्यांच्या तोंडांशी तलाव अजून आजारी आहे आणि त्याचं औषध तलावात नाही, वरच्या गल्ल्यांमधल्या चेंबरांत आहे. जलकुंभी काढणं गरजेचं आहे, पण काढलेली जलकुंभी बांधावर कुजत ठेवली तर तिच्यातला नत्र आणि स्फुरद पहिल्या पावसात पुन्हा पाण्यात जातो. ती पाणलोटाबाहेर नेऊनच खत करायला हवी. बाजूचा शेतकरी न्यायला तयार असेल तर उत्तम.

वैशाखात वाहणाऱ्या नाल्यांचा नकाशा वसाहतवार छापून आम्ही त्या त्या भागातल्या रहिवासी समित्यांना दिला. त्यावर प्रदूषणाचा एकही रंग नाही, फक्त नाल्याची रेघ, पुलिया, जवळचं चेंबर आणि पाहिल्याची तारीख आहे. दोन समित्यांनी स्वतः पुढे होऊन आपल्या गल्लीतल्या जोडण्या तपासायला घेतल्या. येत्या वैशाखात तेच नाले, त्याच वेळी, मुलं पुन्हा चालणार आहेत. या खेपेला मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून नमुने तपासून घ्यायची सोय एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाच्या मदतीनं करायची बोलणी चालू आहेत.